एक्सपी, विंडोज ७ आणि विंडोज ११ : एकाच घरात तीन मशिनं, फायली मात्र पोचत नाहीत

खिळाजुळारी

घरातून डीटीपीचं, म्हणजे छपाईची पानं संगणकावर जुळवायचं काम चालतं. मशिनं अशी आहेत :

– पेंटियम ४, विंडोज एक्सपी प्रोफेशनल, सर्व्हिस पॅक ३. यावर पानं जुळवायचं पेजमेकर ७ आणि मराठी फॉन्टचं जुनं सॉफ्टवेअर. त्या फॉन्टच्या सॉफ्टवेअरचा डोंगल (ज्याच्याशिवाय ते चालत नाही ती किल्ली) मागच्या २५ पिनांच्या प्रिंटर पोर्टात बसतो, त्यामुळे हे मशीन काढता येत नाही.
– विंडोज ७ होम प्रीमियम. लेझर प्रिंटर याला जोडलेला.
– नवा लॅपटॉप, विंडोज ११ प्रो, आवृत्ती २४एच२.

एक्सपी आणि विंडोज ७ एका जुन्या राउटरला केबलने जोडलेले आहेत. फायबरचा नवा बॉक्स आला तेव्हा त्यातून एक केबल काढून या जुन्या राउटरच्या वॅन पोर्टात (इंटरनेटची केबल घालायच्या जागी) घातली. लॅपटॉप फायबर बॉक्सच्याच वाय-फायवर असतो.

एक्सपी आणि ७ यांच्यात शेअरिंग चालतं, पासवर्डही विचारत नाही. लॅपटॉपवरून ७ उघडायला गेलं की ‘नेटवर्क पाथ नॉट फाउंड’, कोड ८००७००३५. एक्सपीचंही तेच. एक्सपीवरून लॅपटॉपला पिंग (मशीन पोचतं का हे पाहायचा निरोप) जातं, उलट दिशेने जात नाही. लॅपटॉपच्या नेटवर्क खिडकीत दोघांपैकी एकही दिसत नाही.

आयपी पत्ते : एक्सपी १९२.१६८.०.१०२, विंडोज ७ १९२.१६८.०.१०३, लॅपटॉप १९२.१६८.१.७. तिन्हींची फायरवॉल बंद करून पाहिली, फरक नाही. वर्कग्रुपचं नाव तिन्हीकडे एकच आहे. ग्राहकाचा मजकूर लॅपटॉपवर येतो, तो एक्सपीवर न्यायचा आणि तयार पानं परत आणायची, एवढंच काम आहे. सध्या पेनड्राइव्हने चाललंय.

---

लॅनवाला

आधी तिन्ही फायरवॉल पुन्हा चालू करा. तिथे दोष नाही.

दोष तुम्हीच दिलेल्या आकड्यांत आहे. दोन मशिनं १९२.१६८.० मध्ये आणि लॅपटॉप १९२.१६८.१ मध्ये, म्हणजे घरात एक नाही, दोन नेटवर्कं आहेत. जुन्या राउटरच्या वॅन पोर्टात केबल घातल्यावर तो राउटर फायबर बॉक्सलाच ‘बाहेरचं इंटरनेट’ समजतो आणि आपल्या मागची मशिनं झाकून ठेवतो. आतून बाहेर जाता येतं, म्हणून एक्सपीचं पिंग लॅपटॉपपर्यंत पोचतं. लॅपटॉपने १९२.१६८.०.१०२ मागितला की तो निरोप फायबर बॉक्सकडे जातो, आणि असा पत्ता कुठे आहे हे त्या बॉक्सला ठाऊकच नसतं. हे सुटेपर्यंत विंडोजमधल्या कुठल्याही सेटिंगला हात लावण्यात अर्थ नाही.

उपाय म्हणजे जुन्या राउटरचं राउटरपण काढून त्याचा नुसता स्विच करायचा. क्रम चुकवू नका :

१. वॅन पोर्टातली केबल आधी काढा. ती लावलेली असताना राउटरला १९२.१६८.१ मधला पत्ता द्यायला गेलात, तर वॅन आणि लॅन एकाच पट्ट्यात येतात म्हणून तो नकार देतो किंवा स्वतःच दुसरा पत्ता घेऊन बसतो.
२. विंडोज ७ वरून राउटरचं सेटिंगचं पान ब्राउझरमध्ये उघडा आणि लॅनचा (घरातल्या बाजूचा) पत्ता १९२.१६८.१.२ करा. राउटर रीस्टार्ट होईल. त्यानंतर पान नव्या पत्त्यावर उघडेल.
३. आता डीएचसीपी (मशिनांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद करा. हे आधी केलं तर मशीनला पत्ताच मिळत नाही, १६९.२५४ ने सुरू होणारा निरुपयोगी पत्ता येतो आणि राउटरच्या पानापर्यंत पोचणं अवघड होतं.
४. फायबर बॉक्सची केबल जुन्या राउटरच्या चार लॅन पोर्टांपैकी एकात घाला. वॅन पोर्ट रिकामा ठेवा. दोन्ही डब्यांना जोडणारी एकच केबल हवी; दुसरी लावली की चक्र तयार होऊन सगळं नेटवर्क ठप्प होतं.
५. फायबर बॉक्सच्या डीएचसीपीची सुरुवात १९२.१६८.१.१०० पासून करा, म्हणजे खालचे आकडे हाताने द्यायला मोकळे राहतात.

काही राउटरांत ‘अॅक्सेस पॉइंट मोड’ असतो. तो असेल तर पहिल्या तीन पायऱ्या एका बटणात होतात.

लॅपटॉप ‘गेस्ट’ नावाच्या वाय-फायवर नाही ना, तेही बघा. गेस्ट वाय-फाय मुद्दाम घरातल्या इतर मशिनांपासून तोडलेलं असतं. काही बॉक्समध्ये नेहमीच्या वाय-फायलाही ‘एपी आयसोलेशन’, म्हणजे तसंच तोडणारं सेटिंग, लावलेलं सापडतं. ते बंद करा.

---

झटपट_उपाय

एवढं कशाला? लॅपटॉपवर कंट्रोल पॅनेल, प्रोग्रॅम्स, ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’ मध्ये जाऊन एसएमबी १.० ला (जुन्या फाइल शेअरिंगला) टिक करा आणि रीस्टार्ट करा. एक्सपी उघडेल.

---

नितळ_तार

झटपट_उपाय, तुम्ही सांगितलेली जागा बरोबर आहे, पण या घरात तो रस्ता धरू नये. कारणासकट सांगतो.

विंडोजची फाइल शेअरिंगची भाषा म्हणजे एसएमबी. एक्सपीला तिची फक्त पहिली आवृत्ती येते. व्हिस्टापासून दुसरी आली, विंडोज ७ ला २.१ येते, विंडोज ८ पासून तिसरी. २०१७ च्या शरद ऋतूत आलेल्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून पहिली आवृत्ती मुळातच बसवलेली नसते. ती किती धोक्याची आहे हे वॉनाक्रायने दाखवलं : १२ मे २०१७ ला पसरलेला हा खंडणीखोर व्हायरस एसएमबी १ मधल्या भोकातून एका मशिनवरून दुसऱ्यावर आपणहून उडी मारत होता.

समजा, लॅपटॉपवर ती चालू केली. २४एच२ च्या प्रो आवृत्तीत प्रत्येक एसएमबी जोडणीवर डिजिटल सही सक्तीची आहे आणि शेअर देणारा एक्सपी मूळ सेटिंगमध्ये सही करत नाही. मग सहीची सक्ती काढा. मग पासवर्डशिवायची गेस्ट जोडणी अडते, तीही मोकळी करा. अशा रीतीने ज्या मशिनवर ग्राहकांचे मेल आणि बँकेचं काम आहे, तेच एकेक कुलूप काढून २००१ सालच्या पातळीवर येतं. शिवाय ‘ऑटोमॅटिक रिमूव्हल’ ची टिक राहिली आणि मशीन चालू असतानाचे १५ दिवस एसएमबी १ वापरलं गेलं नाही, तर विंडोज ते परत काढून टाकतं. चालणारं शेअरिंग एका सकाळी कारण न कळता बंद पडतं ते असं.

तुमच्याकडे याहून चांगली सोय घरातच आहे. विंडोज ७ ला दोन्ही भाषा येतात : एक्सपीशी ते एसएमबी १ बोलतं आणि विंडोज ११ शी २.१. म्हणून त्यालाच दुभाष्या करा. शेअर केलेला फोल्डर फक्त विंडोज ७ वर. एक्सपी तिथे येऊन फायली घेईल-ठेवेल, लॅपटॉपही तिथेच येईल. एक्सपी आणि लॅपटॉप यांनी एकमेकांशी थेट बोलायचंच नाही. लॅपटॉपची एकही सुरक्षा खाली करावी लागत नाही.

लॅनवाला यांची दुरुस्ती आधी करा. नंतर विंडोज ७ वर :

केबल बदलल्यावर ७ ला हे नवं नेटवर्क वाटेल आणि ते ‘होम, वर्क की पब्लिक’ विचारेल. ‘वर्क’ निवडा. होम निवडलं तर होमग्रुप (७ ची घरगुती शेअरिंगची वेगळी सोय) आडवा येतो आणि तो विंडोज १० च्या १८०३ पासून काढूनच टाकलाय. पत्ता पक्का करा : १९२.१६८.१.२०, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे (बाहेर जायचं दार) आणि डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून पत्ता सांगणारा) १९२.१६८.१.१, म्हणजे फायबर बॉक्स. इथे गेटवे रिकामा ठेवू नका. तो नसला की ७ त्या नेटवर्कला ‘अनआयडेंटिफाइड’ म्हणतं, पब्लिक धरतं आणि शेअरिंग बंद करतं.

‘अॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज’ मध्ये फाइल अँड प्रिंटर शेअरिंग चालू, आणि ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ सुद्धा चालू. हे शेवटचं महत्त्वाचं. आत्ता ते बंद आहे, म्हणूनच एक्सपी न विचारता आत येतो, पण तो गेस्ट म्हणून येतो. गेस्ट जोडणीवर सही करता येत नाही, त्यामुळे २४एच२ ती स्वीकारणारच नाही. पत्ते जुळवल्यावरही लॅपटॉपवर ‘युअर ऑर्गनायझेशन्स सिक्युरिटी पॉलिसीज ब्लॉक अनऑथेंटिकेटेड गेस्ट अॅक्सेस’ असा मजकूर आला असता. घरात कुठली ऑर्गनायझेशन, असं वाटून लोक इथे अडकतात. त्याचा अर्थ एवढाच की समोरच्या मशिनने नाव-पासवर्ड न मागता आत घेतलं.

कंट्रोल पॅनेलमधून एक स्टँडर्ड यूजर बनवा, नाव ‘डीटीपी’, पासवर्ड खरा आणि लांब. (नावं, पासवर्ड आणि पुढच्या सगळ्या कमांड अर्थात इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या.) रिकामा पासवर्ड चालणार नाही, असं खातं विंडोज फक्त मशिनसमोर बसणाऱ्याला वापरू देतं, नेटवर्कवरून नाही.

डी ड्राइव्हवर ‘काम’ फोल्डर करा. डेस्कटॉपवर किंवा माय डॉक्युमेंट्समध्ये नको, तिथले हक्क गुंतागुंतीचे असतात. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये शेअरिंग, अॅडव्हान्स्ड शेअरिंग, परमिशन्स : ‘एव्हरीवन’ काढा, ‘डीटीपी’ घाला, ‘चेंज’ आणि ‘रीड’ ला टिक. मग सिक्युरिटी टॅबमध्येही ‘डीटीपी’ ला ‘मॉडिफाय’ द्या. दोन्ही ठिकाणी द्यावं लागतं, कारण विंडोज दोन्ही यादी तपासतं आणि जिथे कमी हक्क असेल तोच लागू करतं. फोल्डर उघडतो पण फाइल सेव्ह होत नाही, या तक्रारीमागे बहुतेक वेळा सिक्युरिटी टॅब विसरलेला असतो.

पॉवर ऑप्शन्समध्ये स्लीप ‘नेव्हर’ करा. ७ वर कुणी लॉगइन केलेलं नसलं तरी शेअरिंग चालतं, फक्त मशीन जागं हवं.

एक्सपीवर : पत्ता १९२.१६८.१.२१, तोच मास्क, आणि इथे मात्र गेटवे व डीएनएस दोन्ही मुद्दाम रिकामे. घरातली मशिनं त्याला सापडतील, इंटरनेट सापडणार नाही. ८ एप्रिल २०१४ ला ज्याचा सपोर्ट संपला त्या मशिनला इंटरनेट देऊच नये. नेटवर्क कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘क्लायंट फॉर मायक्रोसॉफ्ट नेटवर्क्स’ ची टिक ठेवा आणि ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ ची काढा. एक्सपी आता फक्त मागणारा आहे, देणारा नाही. वॉनाक्रायचा हल्ला देणाऱ्या बाजूवर होता, त्यामुळे एका टिकेने एक्सपीचं ते दार बंद होतं. मग माय कॉम्प्युटर, टूल्स, ‘मॅप नेटवर्क ड्राइव्ह’, अक्षर झेड, आणि पाथ \\१९२.१६८.१.२०\काम. ‘डिफरंट यूजर नेम’ वर क्लिक करून विंडोज ७ च्या मशिनचं नाव, उलटा स्लॅश, मग डीटीपी.

लॅपटॉपवरही हाच पाथ, हेच नाव. नेटवर्क ‘प्रायव्हेट’ आहे याची खात्री करा.

राहिला एक धोका. विंडोज ७ ची एसएमबी १ देणारी बाजू एक्सपीसाठी चालू ठेवावीच लागते, म्हणून तिथे ते भोक बुजवणारा मार्च २०१७ चा पॅच (दुरुस्तीचा अपडेट) असलाच पाहिजे : केबी ४०१२२१२ किंवा ४०१२२१५. नंतरचे एकत्रित अपडेट बसलेले असतील तर हे आकडे यादीत दिसणार नाहीत, म्हणून थेट फाइल तपासा. सिस्टम ३२ मधल्या ड्रायव्हर्स फोल्डरात ‘एसआरव्ही डॉट एसवायएस’ ची आवृत्ती ६.१.७६०१.२३६८९ किंवा त्यापुढची हवी. एक्सपीसाठी मायक्रोसॉफ्टने मे २०१७ मध्ये अपवाद म्हणून केबी ४०१२५९८ दिला होता. तिथे हीच फाइल ५.१.२६००.७२०८ दाखवते.

लॅपटॉपच्या नेटवर्क खिडकीत एक्सपी यापुढेही दिसणार नाही. विंडोज ११ नव्या पद्धतीने मशिनं शोधतं, ती एक्सपीला येत नाही. आणि एक्सपी ज्या जुन्या ब्राउझर सर्व्हिसवर अवलंबून आहे, ती एसएमबी १ बरोबरच गेली. ते दुरुस्त करायच्या मागे लागू नका. आयपी पत्त्याने जा.

---

खिळाजुळारी

दोघांचेही आभार. जुना राउटर स्विच केला, तिन्ही मशिनं एकमेकांना दिसतात. विंडोज ७ चा पॅच तपासला, फाइल पुढच्या आवृत्तीची निघाली. लॅपटॉपवरून ‘काम’ फोल्डर उघडतो, फाइल सेव्हही होते.

एक्सपीवर मात्र ‘लॉगऑन फेल्युअर : अननोन यूजर नेम ऑर बॅड पासवर्ड’. तोच पासवर्ड लॅपटॉपवर चालतो, म्हणजे चुकीचा नाही. एक गोष्ट जास्तीची केली होती : सुरक्षेसाठी एक्सपीच्या लोकल सिक्युरिटी पॉलिसीत लॅन मॅनेजर ऑथेंटिकेशन लेव्हल ‘सेंड एनटीएलएमव्ही२ रिस्पॉन्स ओन्ली’ केली. एक्सपीवर नव्याने बनवलेल्या फायलींवर २००३ ची तारीख पडतेय, त्याचा काही संबंध आहे का?

---

नितळ_तार

तोच संबंध आहे. तुम्ही केलेला बदल योग्य आहे, परत फिरवू नका.

एक्सपी मूळ सेटिंगमध्ये जुनी एनटीएलएम पद्धत वापरतो, तिला घड्याळाशी देणंघेणं नसतं. एनटीएलएमव्ही२ मध्ये पासवर्डाच्या उत्तरात वेळही गुंफलेली असते, आणि समोरच्या मशिनला ती फार जुनी दिसली तर ते उत्तर शिळं समजून फेटाळतं. संदेश मात्र ‘बॅड पासवर्ड’ असाच येतो. तारीख २००३ वर जाते याचा अर्थ मदरबोर्डावरचा सेल संपलाय. सीआर २०३२, ३ व्होल्टचा, नाण्याच्या आकाराचा. पॉवर केबल काढून, पूर्वीचा सेल जसा होता त्याच बाजूने बसवा. सेल काढण्याआधी बायॉसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन पॅरलल पोर्टचा, म्हणजे डोंगलच्या प्रिंटर पोर्टचा, मोड आणि पत्ता लिहून ठेवा. सेल गेल्यावर बायॉस मूळ सेटिंगवर येतो आणि पोर्टचा मोड बदलला तर डोंगल सापडत नाही. पेजमेकर सुरू होतो पण फॉन्ट मिळत नाहीत, अशी नवीच डोकेदुखी तयार होते.

मग तारीख, वेळ आणि टाइम झोन तिन्ही बरोबर करा. एक्सपीला इंटरनेट नसल्यामुळे घड्याळ हळूहळू सरकत राहील. जोडणी झाल्यावर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘नेट टाइम \\१९२.१६८.१.२० /सेट /येस’ दिलं की ते विंडोज ७ ची वेळ घेतं. ही ओळ बॅच फाइलमध्ये घालून स्टार्टअपमध्ये ठेवा.

पुन्हा प्रयत्न करण्याआधी ‘नेट यूज * /डिलीट’ द्या. अर्धवट राहिलेली जुनी जोडणी असेल तर विंडोज त्याच मशिनला दुसऱ्या नावाने जाऊ देत नाही. तेव्हा एरर १२१९ येतो.

---

लॅनवाला

दोन गोष्टी जोडतो, कारण अशा रचनेत त्या पुढे येतातच.

जोडताना ‘नॉट इनफ सर्व्हर स्टोरेज इज अव्हेलेबल’ असा संदेश आला तर डिस्क रिकामी करत बसू नका, डिस्कशी त्याचा संबंध नाही. अँटिव्हायरससारखी सॉफ्टवेअर फाइल सिस्टमच्या वाटेवर एकेक थर चढवतात आणि शेअरिंगने राखलेली जागा अपुरी पडते. शेअर देणाऱ्या मशिनवर, म्हणजे विंडोज ७ वर, रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात) लॅनमॅनसर्व्हरच्या पॅरामीटर्समध्ये ‘आयआरपीस्टॅकसाइज’ नावाची डीवर्ड (आकड्याची) नोंद करा. आय, आर, पी आणि दोन्ही एस कॅपिटल, मध्ये जागा नाही; नाव हुबेहूब असंच लिहा. न लिहिलेली असताना किंमत १५ धरली जाते. डेसिमलमध्ये १८ द्या, रीस्टार्ट करा, भागलं नाही तर २१. कमाल ५०.

दुसरं, वेग. एक्सपीचं कार्ड १०० मेगाबिटचं असेल तर सेकंदाला १० ते ११ मेगाबाइट मिळायला हवेत. १ मेगाबाइटच्या खाली रखडत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाचा ‘स्पीड अँड डुप्लेक्स’ बघा. तिथे कुणी हाताने ‘१०० फुल’ लावलं असेल तर ‘ऑटो’ करा. एक टोक हाताने ठरवलेलं आणि दुसरं ऑटो असलं की ऑटोवालं टोक हाफ डुप्लेक्स धरतं, आणि दोन्हीकडून एकदम डेटा निघाला की टक्कर होते. छोट्या फायली जातात, मोठ्या अडकतात, हे त्याचं लक्षण.

---

खिळाजुळारी

सेल बदलला, पोर्टचा मोड आधी लिहून ठेवला होता त्याचा उपयोग झाला, कारण तो खरंच बदलला होता. एक्सपी आता पहिल्या झटक्यात जोडतो. वेग १० मेगाबाइटच्या आसपास.

शेवटचा प्रश्न : थोडा वेळ काम केलं नाही की एक्सपीत झेड ड्राइव्हवर लाल फुली येते. क्लिक केलं की उघडतो. पेजमेकरची फाइल थेट झेडवरून उघडून काम केलं तर चालेल का?

---

नितळ_तार

फुली निरुपद्रवी आहे. १५ मिनिटं हालचाल नसली की देणारं मशीन जोडणी सोडतं आणि क्लिक केल्यावर परत जोडतं. नको असेल तर विंडोज ७ वर अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘नेट कॉन्फिग सर्व्हर /ऑटोडिसकनेक्ट:-१’ द्या.

पेजमेकरची फाइल झेडवरून उघडून काम करू नका. पेजमेकर काम चालू असताना त्याच फाइलमध्ये वारंवार लिहीत असतो. मधेच केबल सैल झाली किंवा विंडोज ७ रीस्टार्ट झालं, तर फाइल अर्धी लिहिलेली राहते आणि परत उघडत नाही. फाइल एक्सपीच्या स्वतःच्या डिस्कवर घ्या, काम करा, बंद करा, मग झेडवर कॉपी करा. चित्रांचंही तसंच : ती आधी स्थानिक फोल्डरमध्ये आणून मग ‘प्लेस’ करा, नाहीतर पेजमेकर झेडचा पाथ लक्षात ठेवतो आणि विंडोज ७ बंद असलं की प्रत्येक चित्राची लिंक शोधत बसतो.

झेडवर तारखेनुसार फोल्डर ठेवा आणि आधीची प्रत कधी पुसून तिच्यावर लिहू नका. लॅपटॉपवरून आठवड्यातून एकदा तो सगळा फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा. पेंटियम ४ ची आणि विंडोज ७ ची डिस्क, दोन्ही आता जुन्या झाल्या आहेत.

---

झटपट_उपाय

माझं उत्तर मागे घेतो. एक विचारतो : ज्यांच्याकडे मधलं विंडोज ७ नाही, फक्त एक्सपी आणि विंडोज ११ आहे, त्यांनी काय करायचं?

---

लॅनवाला

दुभाष्या दुसरा शोधायचा. रास्पबेरी पाय (तळहाताएवढा स्वस्त संगणक) किंवा लिनक्स घातलेलं कुठलंही जुनं मशीन चालेल. त्यावर विंडोजसारखं शेअरिंग देणारं सॉफ्टवेअर म्हणजे सांबा. सांबाच्या ४.११ पासून एसएमबी १ मुळात बंद असतं, म्हणून सेटिंग फाइलच्या ग्लोबल भागात ‘सर्व्हर मिन प्रोटोकॉल’ ची किंमत ‘एनटी१’ करावी लागते. एक्सपीवर एनटीएलएमव्ही२ लावलेलं असेल तर आणखी काही सैल करावं लागत नाही. ‘होस्ट्स अलाउ’ मध्ये फक्त त्या दोन मशिनांचे पत्ते लिहा.

एवढंही नको असेल आणि फायली कधीमधीच न्यायच्या असतील तर एसएमबी बाजूला ठेवा. लॅपटॉपवर पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा बसवा, हव्या त्या फोल्डरमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पायथन -एम एचटीटीपी डॉट सर्व्हर ८०००’ द्या, फायरवॉल विचारेल तेव्हा फक्त प्रायव्हेट नेटवर्कला परवानगी द्या. एक्सपीच्या ब्राउझरमध्ये लॅपटॉपचा आयपी पत्ता, कोलन, ८००० टाकला की फायलींची यादी येते, क्लिक करून उतरवून घ्यायच्या. याने फायली एकाच दिशेने जातात, आणि जोवर खिडकी उघडी आहे तोवर नेटवर्कवरचं कुणीही तो फोल्डर वाचू शकतं. काम झालं की कंट्रोल आणि सी दाबून बंद करा. परत आणण्यासाठी लॅपटॉपवर एफटीपी (फायली पाठवायची जुनी पद्धत) सर्व्हर लावा. एक्सपीचा एक्सप्लोरर एफटीपीचा पत्ता थेट उघडतो आणि त्यात फायली ओढून टाकता येतात.